कात्यायनीचा वाटा

धाराशिव जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत ३१ मे हा फेट्यांचा दिवस. उमरग्यापासून परंड्यापर्यंत, शाळेला उन्हाळ्याची सुट्टी असतानाही, गावोगाव सेवापूर्तीचे मंडप पडतात. शाल, श्रीफळ, पूर्ण पोशाख, तुळजाभवानीची तसबीर, केंद्रप्रमुखांचं लांबलेलं भाषण आणि मग जेवण. एकाच दिवशी एवढे गुरुजी कसे निवृत्त होतात, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडेल. जिल्ह्यातल्या माणसाला पडत नाही, कारण त्याच्या घरात १ जूनला जन्मलेले दोघे-तिघे तरी असतातच.

सत्तरच्या दशकात मूल शाळेत आणलं, की आईला जन्मतारीख सांगता यायची नाही. पोळ्याच्या पुढं, जत्रेच्या मागं, असा हिशेब. गुरुजी मुलाचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागतो का ते पाहत आणि दाखल-खारीज रजिस्टरात १ जून लिहून मोकळे होत. पाचवीच्या रात्री सटवाई कपाळावर काय लिहून जाते, ते कोणाला वाचता येत नाही. गुरुजींनी लिहिलेलं मात्र सेवापुस्तिकेच्या पहिल्या पानावर उतरलं. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी नियमाप्रमाणे आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून ३१ मे. त्यातही एक बारीक दुखणं आहे. सहाव्या वेतन आयोगानंतर वार्षिक वेतनवाढीची तारीख १ जुलै झाली. ३० जूनला निवृत्त होणाऱ्यांनी वर्षभर काम करून वेतनवाढ एका दिवसानं गमावली, म्हणून ते न्यायालयात गेले. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं अशी कमावलेली वेतनवाढ द्यावी असं म्हटलं आणि राज्यानंही तसा निर्णय काढला. ३१ मेवाल्यांचे मात्र अकराच महिने भरतात. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी एका अनामिक गुरुजींनी अंदाजानं टाकलेल्या तारखेनं दुसऱ्या गुरुजींचं निवृत्तिवेतन जन्मभरासाठी एका वेतनवाढीनं कमी केलं.

गंमत सोडली, तर यातला प्रश्न जुना आहे. माणसानं काम कधी सोडावं, आणि ते कोणी ठरवावं?

आपल्या परंपरेत याची एकच तारीख नाही. मनुस्मृतीनं गृहस्थाला सांगितलेल्या खुणा शरीराच्या आणि घराच्या आहेत: कातडीवर सुरकुती दिसली, केस पांढरे झाले, मुलाला मूल झालं, की वनाची वाट धरावी. जाबालोपनिषदात जनक राजा याज्ञवल्क्याला संन्यासाचे नियम विचारतो, तेव्हा उत्तर दुहेरी येतं. आधी एकेक आश्रम क्रमानं पुरा करावा असं तो सांगतो. आणि लगेच, ज्या दिवशी वैराग्य येईल त्याच दिवशी निघावं, असंही सांगतो. सरकारी भाषेत पहिलं उत्तर म्हणजे नियत वयोमान आणि दुसरं म्हणजे स्वेच्छानिवृत्ती. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ यांतही दोन्ही वाटा आहेत. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला ५८ व्या वर्षी जावंच लागतं. आणि वीस वर्षं अर्हताकारी सेवा झाली, की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वतःहून जाता येतं.

पण उपनिषदांतला सर्वांत बोलका निवृत्तिप्रसंग दुसरीकडे, बृहदारण्यकात आहे. तिथेही याज्ञवल्क्यच. त्या काळातला सर्वांत मोठा शिक्षक घर सोडायला निघतो. निघण्याआधी तो बायकोला, मैत्रेयीला, बोलावतो आणि म्हणतो, तुझी आणि माझी दुसरी बायको कात्यायनी हिची वाटणी करून देतो. म्हणजे ब्रह्मज्ञान्याचंही शेवटचं घरगुती काम मालमत्तेच्या हिशेबाचं होतं. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. मैत्रेयी विचारते, या धनानं मी अमर होईन का? होणार नाही, म्हटल्यावर ती वाटा नको म्हणते आणि ज्ञान मागते. त्यातून जो संवाद घडला त्यावर शतकानुशतकं भाष्यं लिहिली गेली.

कात्यायनीचं काय झालं, ते कोणी विचारलं नाही. तिनं आपला वाटा घेतला असावा, घर चालवलं असावं. तत्त्वज्ञानानं मैत्रेयीला लक्षात ठेवलं. निवृत्तिवेतनाचे नियम मात्र कात्यायनीसाठी लिहिलेले असतात, आणि शिक्षक कधी निवृत्त होतो या प्रश्नाचं खरं उत्तर बहुतेक वेळा तिच्याकडेच असतं.

वैराग्याला नेहमीच कोणाच्या तरी चुलीचा आधार लागला आहे. मनूनं हे लपवलेलं नाही. बाकीचे तिन्ही आश्रम गृहस्थाच्या अन्नावर चालतात, म्हणून तो आश्रम श्रेष्ठ, असं तो सांगतो. वनात न जाणाऱ्यासाठीही त्यानं एक सोय ठेवली: कर्मं सोडून मुलाच्या ऐश्वर्यात सुखानं राहावं. हे पेन्शन नसलेल्या जगाचं पेन्शन. ऐश्वर्य असलेला मुलगा असणं ही त्यातली अट. कळंब किंवा भूममधल्या आजच्या गुरुजींचा मुलगा पुण्यात कंत्राटावर नोकरी करतो, किंवा बी. एड. होऊन पवित्र पोर्टलवर जाहिरातीची वाट पाहतो, आणि घरातलं ऐश्वर्य उलट्या दिशेनं वाहतं.

जुन्या निवृत्तिवेतन योजनेनं या चुलीची हमी समाजाकडे दिली होती. शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मं निवृत्तिवेतन, त्यावर महागाई वाढ, मागं राहणाऱ्या जोडीदाराला कुटुंब निवृत्तिवेतन, एकरकमी उपदान आणि हवं असल्यास ४० टक्क्यांपर्यंतचं अंशराशीकरण. १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं, ज्याचे अध्यक्ष पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते, निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीची बक्षिसी नसून केलेल्या सेवेपोटी मिळणारा हक्क आहे, असं स्पष्ट केलं. धर्मशास्त्राच्या शब्दांत बोलायचं तर निवृत्तिवेतन दान या सदरातून ऋण या सदरात गेलं. तसंही ऋषिऋण फेडण्याचा मार्ग शिकणं-शिकवणं हाच सांगितला आहे. शिक्षक ते जन्मभर फेडतो. न्यायालयानं एवढंच म्हटलं, की मग उलट बाजूलाही काहीतरी देणं निघतं.

ही हमी असताना शिक्षक लवकर निघत होते का? सहाव्या वेतन आयोगाआधी पूर्ण निवृत्तिवेतनाला ३३ वर्षं लागत. नंतर ती अट वीस वर्षांवर आली. म्हणजे बाविसाव्या वर्षी लागलेल्या बाईंना बेचाळिसाव्या वर्षी पगाराच्या निम्म्यावर घरी बसता येतं. समजा मूळ पगार ८० हजार असेल, तर निवृत्तिवेतन ४० हजार आणि त्यावर महागाई भत्ता. कागदावर सोपं आहे. पण त्याच वेळी घराचं कर्ज, पोरीचं लग्न आणि पोराची लातूरची शिकवणी चालू असते, आणि पुढचं प्रत्येक वर्ष एक वेतनवाढ देतं. अमेरिकेत रॉबर्ट कॉस्ट्रेल आणि मायकेल पॉडगर्स्की या अर्थशास्त्रज्ञांनी शिक्षकांच्या पेन्शनचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना दिसलं की पेन्शनचं मूल्य वर्षागणिक सारखं वाढत नाही. काही वर्षी एकदम उसळतं आणि पुढे घसरायला लागतं. मिसूरी राज्यात वय आणि सेवेची बेरीज ८० झाली, की पूर्ण पेन्शन मिळतं. त्या टप्प्यापर्यंत शिक्षक कसेबसे तग धरतात आणि तो गाठला की निघतात. वैराग्य त्या बेरजेच्या वर्षीच का येतं, याचं उत्तर उपनिषदात सापडणार नाही.

१ नोव्हेंबर २००५ पासून महाराष्ट्रात हमीची जागा खात्यानं घेतली. त्या तारखेला किंवा नंतर लागलेल्यांना परिभाषित अंशदान योजना लागू झाली आणि पुढे ती राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत गेली. शिक्षक मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के भरतो, सरकार आधी तेवढंच भरत असे, आता १४ टक्के भरतं. पैसा बाजारात जातो आणि बाजार देईल ते मिळतं. निवृत्तीच्या वेळी साठलेल्या रकमेतले ६० टक्क्यांपर्यंत हातात येतात, उरलेल्याची वार्षिकी घ्यावी लागते. स्वतःहून लवकर निघालात, तर हे प्रमाण उलटं होतं: किमान ८० टक्के रक्कम वार्षिकीत अडकते. थोडक्यात, ज्या दिवशी वैराग्य येईल त्या दिवशी निघणाऱ्याला दंड आहे.

एकाच शाळेत, एकाच टेबलावर डबा खाणाऱ्या दोन शिक्षकांत यानं भिंत उभी केली. एकाला ऑगस्ट २००५ मध्ये आदेश मिळाला, दुसऱ्याला डिसेंबरमध्ये. दोघं तोच चौथीचा वर्ग आलटून पालटून शिकवतात. पहिल्याचं बोलणं निवृत्तीनंतर पंढरीला, नर्मदा परिक्रमेला कधी जायचं याचं. दुसऱ्याचं बोलणं हिशेब चिठ्ठीत कपात किती दिसते, याचं.

आणि कात्यायनी? ती या योजनेत बराच काळ नव्हतीच. नव्या योजनेतला शिक्षक तरुणपणी गेला, तर त्याच्या बायकोला जुन्यासारखं कुटुंब निवृत्तिवेतन नव्हतं. मुख्य आधार खात्यात तोवर साठलेल्या रकमेचाच. १४ मार्च २०२३ रोजी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यातले लाखो सरकारी कर्मचारी आणि शिक्षक बेमुदत संपावर गेले. धाराशिवमध्येही कार्यालयं आणि शाळा ओस पडल्या. आठवडाभरात, २० मार्चला, संप मागं घेतला गेला. जुनी योजना जशीच्या तशी मिळाली नाही. पण ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयानं नव्या योजनेतल्या कर्मचाऱ्याचा सेवेत मृत्यू झाल्यास कुटुंब निवृत्तिवेतनाची आणि निवृत्तांना उपदानाची सोय केली. संपाच्या सगळ्या घोषणांतून शेवटी पहिल्यांदा हाताला लागला तो याज्ञवल्क्यानं निघण्यापूर्वी बाजूला काढलेला वाटा. यात काव्यात्म न्याय शोधायची गरज नाही. तो वाटा सतरा वर्षं कोणाच्या ध्यानात कसा आला नाही, हे जास्त विचार करण्यासारखं आहे.

त्यानंतर घोषणांचा वेग वाढला. जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची पण नेमणूक नंतरची, अशा कर्मचाऱ्यांना २०२४ च्या सुरुवातीला जुन्या योजनेचा पर्याय मिळाला. त्याच वर्षी राज्यानं सुधारित योजना आणली, ऑगस्टमध्ये केंद्रानं एकीकृत योजना जाहीर केली आणि महाराष्ट्रानं दुसऱ्याच दिवशी ती स्वीकारली. निम्म्या पगाराची हमी परत आली, पण अटींसह. केंद्राच्या योजनेत पूर्ण हमीसाठी २५ वर्षं सेवा हवी. पंचवीस वर्षांनी स्वेच्छेनं निघालात, तर रक्कम त्या दिवसापासून सुरू होत नाही. नियत वयोमानाची तारीख जेव्हा आली असती, तेव्हापासून सुरू होते. पन्नासाव्या वर्षी संन्यास घेणाऱ्यानं पुढची वर्षं काय खावं, याचं उत्तर योजनेत नाही. जनकाला दिलेल्या दोन उत्तरांपैकी दुसरं उत्तर खोडून टाकलेलं आहे.

काम सोडणं म्हणजे नेमकं काय, यावरही याच जिल्ह्यात एक उदाहरण घडलं आहे. आजच्या लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याला निजामी राजवटीत राष्ट्रीय शाळा होती. व्यंकटेश खेडगीकर तिथे मुख्याध्यापक होते. १९३२ साली त्यांनी संन्यासदीक्षा घेतली आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. भगवी वस्त्रं आली, पण शाळा सुटली नाही. पुढे आंबेजोगाई, १९३८ चा सत्याग्रह, तुरुंग, हैदराबादचा मुक्तिसंग्राम. ज्याला संसारातून निवृत्ती म्हणायची ती झाल्यावर त्यांच्या सार्वजनिक कामाला खरी सुरुवात झाली. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिताना ज्ञान्यानंही कर्म सोडू नये असा शंकराचार्यांच्या विरुद्ध पक्ष मांडला होता. हिप्परग्याच्या मुख्याध्यापकानं तो भगव्या कपड्यांत जगून दाखवला. संन्यास त्यानं फळाचा घेतला, कामाचा घेतला नाही.

सरकारला हा विचार आवडेल असं वाटतं. २०२३ च्या जुलैत जिल्हा परिषद शाळांतल्या रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांना महिना २० हजार रुपये मानधनावर, वयाच्या सत्तरीपर्यंत, तात्पुरतं घेण्याचा निर्णय झाला. कर्मयोग म्हणून पाहिलं तर उत्तम. पण दाराबाहेर डी. एड. झालेली पोरं उभी असताना ५८ व्या वर्षी एका हातानं शाल देऊन दुसऱ्या हातानं मानधनावर परत बोलावणं हा गीतेचा विषय नाही, भरती न केल्याचा आहे.

तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट इथं आठवते. संतांच्या मेळ्यात त्यांनी मडकी तपासायचं थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारलं आणि कोण पक्का, कोण कच्चा ते सांगितलं. नामदेवांनी तक्रार केली, म्हणून ते कच्चे ठरले आणि गुरू शोधायला निघाले. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात असंच थापटणं उचललं. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी. न झाल्यास नोकरी सोडावी किंवा सक्तीनं निवृत्त व्हावं, आणि अर्हताकारी सेवा असेल तर देय लाभ घ्यावेत. वीस-पंचवीस वर्षं शिकवलेल्या माणसाला तू पक्का आहेस का, असं विचारणं अपमानाचं वाटतं, आणि ते वाटणं समजण्यासारखं आहे. पण गोरोबांच्या गोष्टीत कच्च्याला मेळ्यातून कायमचं काढलं नव्हतं. विसोबा खेचरांकडे पाठवलं होतं. इथं विसोबा कोण, ते कोणी सांगत नाही.

हा निकाल भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखा पडत नाही. जुन्या योजनेतला, सेवेत खंड नसलेला शिक्षक नोव्हेंबर २०२५ पर्यंत वीस वर्षांची रेषा ओलांडून गेला. परीक्षेचा अर्ज भरायचा की तीन महिन्यांची नोटीस द्यायची, ही निवड त्याच्याकडे आहे. २०१० साली लागलेल्या त्याच्या सहकारी बाईंकडे परीक्षा एवढाच पर्याय आहे. पहिल्याचं निघून जाणं वैराग्य म्हणून खपून जाईल. दुसरीचं राहणं लोभ म्हणून मोजलं जाऊ नये.

निकष तारखेचा नसेल आणि खात्याचाही नसेल, तर कशाचा असावा? भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीवर १९५५ साली दिगंबर जैन आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना स्वीकारली. दृष्टी अधू झाली होती. जमिनीवरचा जीव दिसेनासा झाला, तर चालताना हिंसा टाळण्याचं मुनीचं व्रत पाळता येत नाही. व्रत पाळता येत नसेल तर थांबायचं. ती वाट वेगळी, तिचा अधिकार वेगळा, आणि शाळेच्या नोकरीशी तिची तुलना होऊ शकत नाही. तरी त्यामागचा निकष विचार करायला लावतो: आपल्यामुळे दुसऱ्याला इजा होऊ लागली, की आपली वेळ झाली. पहिलीच्या वर्गात गुडघे धरून बसलेले, आवाज गेलेले, मोबाईलवर माहिती भरण्यात दिवस घालवणारे शिक्षक जेव्हा खात्यातली रक्कम वाढावी म्हणून आणखी दोन वर्षं काढतात, तेव्हा इजा त्या पहिलीतल्या पोरांना होते. त्यांना दोष देणं सोपं आहे. पण निघण्याची किंमत आपण वाढवून ठेवली आणि मग ते निघत नाहीत म्हणून ओरडतो, हेही खरं.

आता दुसरी बाजू, आणि ती धाराशिवमध्ये टाळता येत नाही. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले चारच जिल्हे आले, त्यांतला हा एक. ज्या पोरांना हे शिक्षक शिकवतात त्यांचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, किंवा पाऊस बघत कोरडवाहू सोयाबीन पेरतात. त्यांच्या आजीला श्रावणबाळ योजनेतून महिना १५०० रुपये मिळतात, तेही ती ६५ वर्षांची आणि यादीत असेल तर. शेतकऱ्याला नियत वयोमान नाही आणि स्वेच्छानिवृत्तीही नाही. २०२३ च्या संपात काही ठिकाणी बेरोजगार तरुणांनी आम्ही निम्म्या पगारात काम करायला तयार आहोत असं जाहीर केलं, तेव्हा शिक्षक संघटना चिडल्या. चिडणं स्वाभाविक होतं. पण प्रश्न विचारणारा पोरगा त्यांच्याच शाळेत शिकलेला होता.

इथं न्यायाचे दोन अर्थ भांडतात. एक म्हणतो, ज्याला काहीच नाही त्याच्याशी तुलना करून शिक्षकाचंही काढून घ्या. दुसरा म्हणतो, शिक्षकाला मिळालं ते हक्क म्हणून मिळालं, तर ऊसतोड करणाऱ्या बाईलाही हक्क म्हणूनच मिळालं पाहिजे. पहिला अर्थ तिजोरीला स्वस्त पडतो. दुसऱ्या अर्थाचं ओझं मोठं आहे आणि त्याचं गणित अजून कोणत्याही अर्थसंकल्पात बसलेलं नाही. तरी नकारा खटल्यातला तर्क प्रामाणिकपणे पुढं नेला, तर तो दुसऱ्याच अर्थाकडे जातो: सेवा केली म्हणून देणं लागतं, आणि शेतातली सेवा मस्टरवर नोंदली गेली नाही म्हणून ती झालीच नाही, असं होत नाही.

संघटनांची निवेदनं आजही शिक्षणाधिकाऱ्यांकडे, जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात. त्यांत जुन्या योजनेची मागणी असते, पात्रता परीक्षेतून सूट मागितलेली असते, कपातीच्या हिशेबाची मागणी असते. श्रावणबाळच्या पंधराशे रुपयांचं कलम त्यांत सहसा नसतं. ते घालायला शासन निर्णय लागत नाही. निवेदन लिहायला बसलेल्या गुरुजींनी वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलाची आजी आठवली, तरी एक ओळ वाढवता येईल.